आत वजा, बाहेर अधिक

मिरजेत सतारमेकर गल्लीच्या तोंडाशी
दस्तगीरचाचांचं दुकान. अर्धं शटर कायम खाली,
उरलेल्या अर्ध्यातून वाकून आत जायचं.
मी पेडल पुढ्यात ठेवलं. त्यांनी आधी ते हुंगलं.
"जळलंय. पण हळदीचा वास कशाला येतोय?"

हळद माझी. सांगलीच्या मार्केट यार्डात
दिवसभर पोत्यांची वजनं लिहितो.
संध्याकाळी कितीही हात धुवा,
गिटारच्या सगळ्या बटणांवर पिवळे ठसे.

"ॲडॉप्टर कुठला लावलास?"
सेट टॉप बॉक्सचा.
बुधगावात साखरपुडा होता, माझा ऐन वेळी तुटला,
आणि पिन बसली की व्यवस्थित.
"पिन बसली."
चाचा थोडा वेळ पिनेकडंच बघत राहिले.
"माझ्या किल्लीनं शेजारचं कुलूपबी उघडतं, शांत्या.
म्हणून मी तिथं राहायला जातो व्हय?"

मीटर लावला. बारा.
वर उलटा: आत अधिक, बाहेर वजा.
पेडलच्या पाठीवर एक बारीक चित्र होतं,
टिंब आणि त्याभोवती अपुरं वर्तुळ,
तीन वर्षं पायाखाली घेऊन मी ते वाचलंच नव्हतं:
आत वजा, बाहेर अधिक. नऊ.

चार स्क्रू. आत मिरीएवढा काळा दाणा,
अंगावर एक पांढरी रेघ, मधोमध फुटलेला.
"उलटी वीज आली तर ह्यानं मरायचं,
एवढंच ह्याचं काम. हा गेला म्हणून बाकीचे हायत."
किती पडतील ह्याचे?
"एक रुपया."
मी तो दाणा खिशात टाकला. का, ते माहीत नाही.

मग म्हणाले, "व्होल्ट म्हणजे तारेची ओढ.
बाबालालला विचार, दोन सूर वर ओढली की काय होतं.
मिलिअँपिअरचं तसं न्हाई.
पंगतीत भात हंडाभर असू दे, तू खाशील तेवढाच खाशील.
हंडी लहान पडली तर मात्र कुणीतरी उपाशी."

बाबालाल त्यांचे भाऊ, पलीकडच्या गाळ्यात
भोपळा घासत बसलेले. भिंतीतून ओरडले,
"त्याच्या डब्यातली ती घुंगुं पांढरी पाच हाय बघ,
जराशी चढी. सकाळपासनं माझा तंबोरा बिघडवतोय."
वीज कुठल्या सुरात गाते
हे मला तोवर कुणी सांगितलं नव्हतं.

पाच पेडलं मी एकाच वायरीवर माळली होती.
"एकानं खोकलं की पाचांना ठसका.
प्रत्येकाला वेगळं तोंड दे."

आणि मग त्यांनी माझ्या ॲम्पचा प्लग हातात घेतला.
तिसरी पिन मी कापली होती.
सरावाच्या खोलीत सॉकेट दोन भोकांचं,
शिवाय, खरं सांगतो, कापल्यावर घुंगुं कमी व्हायची.

चाचा बोलायचे थांबले.
"तासगावात एक पोरगा होता. हातात गिटार,
माइकला ओठ लावला..."
चहा आला. त्यांनी बशीत ओतला, प्याले,
वाक्य तिथंच राहिलं.
नवा प्लग त्यांनी स्वतः जोडला, जमिनीची तार दोनदा ओढून बघितली,
आणि त्याचे पैसे घेतले नाहीत.

टेबलावर दोन डबे ठेवले.
एक साडेतीनशेचा, नाव नसलेला.
एक बेचाळीसशेचा, आत पाच स्वतंत्र वाटा.
मी दोन्ही तळहातांवर तोलले, सवयीनं.
पहिला भुसकट.
"वजनावर जाऊ नकोस," चाचा म्हणाले,
"ही काय हळद न्हाई. पाठ वाच."
मी पाठ वाचली. मोठ्यानं, शाळेत वाचायचो तशी.

दीड हजार तेव्हा दिले, बाकी दोन शनिवारी.
तिथंच सगळं जोडून लावलं.
पाच दिवे, एकेक करून.
भिंतीपलीकडून बाबालाल:
"बंद केलंस का रे?"

नाही म्हटलं. चालू आहे.
अजून तारेला हात लावला नाही.